२२ डिसेंबर १८०८ : बीथोवनचा चार तासांचा जलसा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचवी आणि सहावी सिंफनी (पूर्ण ऑर्केस्ट्राच्या मोठ्या रचना) आणि चौथा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना). व्हिएन्नाच्या रसिकांनी या तिन्ही रचना जाहीर मैफलीत पहिल्यांदा ऐकल्या त्या एकाच रात्री, आणि पियानोवर खुद्द रचनाकार बीथोवन बसला होता. या रात्रीबद्दल इतक्या कहाण्या फिरतात की त्यातलं खरं किती आणि पदरचं किती, याचा गुंता होऊन बसतो. पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. ज्यांनी ऑर्केस्ट्रा कधी समोर बसून ऐकलेला नाही त्यांनीही बिनधास्त वाचावं.

ही मैफल झाली कुठे?

व्हिएन्नातल्या थिएटर आन डेअर वीन या नाट्यगृहात, गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला. हे नाट्यगृह १८०१ साली इमॅन्युएल शिकानेडरने उघडलं. मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ची संहिता लिहिणारा आणि त्यात पापागेनोची भूमिका पहिल्यांदा करणारा तो हाच. बीथोवनला ही वास्तू घरच्यासारखी होती. काही काळ तो याच इमारतीत राहिला होता आणि त्याच्या ‘फिडेलिओ’ या एकमेव ऑपेराचा पहिला प्रयोग १८०५ मध्ये इथेच झाला होता.

नाट्यगृह त्याला मिळालं कसं? तेव्हा मैफलींसाठी वेगळी सभागृहं नव्हती का?

आजच्यासारखी नव्हती. मोठी मैफल करायची तर नाट्यगृहच गाठावं लागे, आणि तिथे वर्षभर नाटकं-ऑपेरा चालू असत. ख्रिसमसआधीच्या आणि ईस्टरआधीच्या धार्मिक काळात प्रयोग बंद असत, त्या मोकळ्या तारखांवर संगीतकारांची झुंबड उडे. तारीख देणं न देणं व्यवस्थापकाच्या मर्जीवर. बीथोवनने आधी धर्मादाय मैफलींसाठी फुकट राबून ती मर्जी मिळवली आणि त्या बदल्यात स्वतःच्या फायद्यासाठी ही एक रात्र पदरात पाडून घेतली. अशा मैफलीत संगीतकारच निर्माता असे. वादक गोळा करणं, नकला उतरवून घेणं, जाहिरात देणं, सगळं त्याच्याच अंगावर. जमाखर्चही त्याचाच.

कार्यक्रमात नेमकं काय काय होतं?

दोन भाग होते. पहिल्या भागात आधी ‘पास्टोरल’ सिंफनी, म्हणजे आजची सहावी, मग ‘आ, परफिदो’ हे सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीच्या, गायिकेसाठी लिहिलेलं नाट्यपूर्ण गीत, मग सी मेजर या सुरावलीतल्या मासचा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेसाठीच्या लॅटिन गायनरचनेचा, ग्लोरिया हा भाग, आणि शेवटी जी मेजरमधला चौथा पियानो कॉन्चेर्टो.

मध्यंतरानंतर सी मायनर सिंफनी, म्हणजे जगाला ठाऊक असलेली ती पाचवी. त्यानंतर त्याच मासचा सांक्टुस, मग बीथोवनचं एकट्याचं, आयत्या वेळी सुचेल तसं पियानोवादन, आणि सगळ्यात शेवटी पियानो, ऑर्केस्ट्रा, एकल गायक आणि गायकवृंद अशा सगळ्यांना एकत्र आणणारी कोरल फँटसी.

यादी वाचून ‘बापरे’ म्हणावंसं वाटलं तर त्यात काही चूक नाही. आजच्या हिशेबाने ही दोन भरगच्च मैफलींची सामग्री आहे.

पाचवी तेव्हा सहावी होती आणि सहावी पाचवी, हे खरं का?

हो. त्या रात्रीच्या कार्यक्रमपत्रिकेत पास्टोरलला पाचवी आणि सी मायनरला सहावी म्हटलं होतं. छापताना क्रमांक आज आहेत तसे झाले.

बाकीचे सगळे पाचव्या सिंफनीबद्दल बोलतात. इथे पियानोवर एवढा भर का?

कारण माझ्या मते ही पियानोची रात्र होती. कार्यक्रमपत्रिका पुन्हा पाहा. पहिला भाग पियानोने संपतो, दुसरा भाग पियानोने संपतो, आणि मध्ये एक तुकडा निव्वळ पियानोचा आहे. व्हिएन्नाने बीथोवनला आधी ओळखलं ते वादक म्हणून. सरदारांच्या दिवाणखान्यांत तो समोरच्या वादकाला आयत्या वेळच्या वादनात चीतपट करायचा, ती त्याची पहिली कीर्ती.

आणि ऑर्केस्ट्राबरोबर कॉन्चेर्टो वाजवायला तो जाहीर मैफलीत पुन्हा कधीच बसला नाही. पुढचा, पाचवा कॉन्चेर्टो त्याने १८०९ मध्ये पुरा केला, पण १८११ साली लाइपझिगमध्ये तो वाजवला फ्रीडरिश श्नायडरने, आणि १८१२ मध्ये व्हिएन्नात बीथोवनचा शिष्य कार्ल चेर्नीने. त्या डिसेंबरात थिएटरात बसलेल्यांना आपण एका वाटचालीचं शेवटचं टोक पाहतो आहोत याची सुतराम कल्पना नव्हती.

तेव्हा त्याला ऐकू येत होतं का?

येत होतं, पण अधू झालेलं. कानांची तक्रार १७९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. १८०२ मध्ये हायलिगेनश्टाट या गावी भावांना उद्देशून लिहिलेल्या आणि कधीच न पाठवलेल्या पत्रात त्याने याच दुःखापायी जीव द्यायचा विचार मनात आल्याचं लिहिलं आहे. १८०८ साली तो पूर्ण बहिरा नव्हता. अवघड कॉन्चेर्टो वाजवण्याइतकं, वादकांची चूक पकडण्याइतकं नक्कीच ऐकू येत होतं. नवव्या सिंफनीच्या वेळी टाळ्या ऐकू न आल्याने त्याला श्रोत्यांकडे वळवावं लागलं तो प्रसंग १८२४ चा. लोक दोन्ही गोष्टींची सरमिसळ करतात.

कॉन्चेर्टो आणि सिंफनी यांत फरक काय?

सिंफनी पूर्ण ऑर्केस्ट्राची. कॉन्चेर्टोत एक वादक पुढे असतो आणि ऑर्केस्ट्रा त्याच्याशी कधी जुळवून घेतो, कधी वाद घालतो. साधारणपणे तीन भाग: जलद, संथ, पुन्हा जलद. या भागांना मूव्हमेंट म्हणतात.

चौथ्या कॉन्चेर्टोत एवढं विशेष काय आहे?

पहिले पाच बार (बार म्हणजे आपल्याकडच्या आवर्तनासारखा तालाचा छोटा तुकडा). तिथूनच सुरुवात करू.

त्या काळचा शिरस्ता असा की ऑर्केस्ट्रा दोन-तीन मिनिटं सगळ्या सुरावटी मांडणार, वातावरण तापवणार, आणि मग एकलवादक थाटात प्रवेश करणार. मोत्सार्टने १७७७ मधल्या एका कॉन्चेर्टोत पियानोला दुसऱ्याच बारमध्ये बोलायला लावून हा शिरस्ता एकदा मोडला होता. पण तिथेही पहिला शब्द ऑर्केस्ट्राचाच. बीथोवन मात्र थेट पियानोपासून सुरू करतो, तेही अगदी हळू आवाजात. जी मेजरचा एक भरलेला कॉर्ड (एकदम वाजणारा स्वरांचा गुच्छ), मग त्याच कॉर्डवर पुन्हा पुन्हा हलके ठोके, आणि एखाद्याने वाक्य अर्धवट सोडावं तसा पाचव्या बारला थांबा.

आता तंतुवाद्यं उत्तर देतात, आणि तीही आणखी हळू. पण उत्तर येतं ते बी मेजरमध्ये. आपल्या परिभाषेत सांगायचं तर पियानोने ज्या स्वराला षड्ज मानलं, त्याचा शुद्ध गंधार हाच षड्ज धरून ऑर्केस्ट्रा बोलू लागतो. क्षणभर पायाखालची जमीन सरकते. काही बारांतच गाडी मूळ षड्जावर येते, आणि पियानो? तो पाच बार वाजवून सत्तरएक बार गप्प बसलेला असतो. सुरुवात करून दिली, आता तुमचं चालू द्या.

त्या हलक्या ठोक्यांकडे कान दिलात तर आणखी एक गंमत सापडेल. तीन आखूड आणि मग एक लांब. पाचव्या सिंफनीची सुप्रसिद्ध सुरुवातही तीच. एकात ते दार ठोठावणं वाटतं, दुसऱ्यात कुजबुज. त्या रात्री दोन्ही रचनांच्या मध्ये फक्त मध्यंतर होतं. किती जणांच्या लक्षात आलं असेल कोण जाणे.

आणि त्याचा दुसरा भाग? तो ऐकून माणसं रडतात असं म्हणतात.

तो भाग फक्त ७२ बारांचा आहे, पाचेक मिनिटांचा. बाकी सगळी वाद्यं गप्प, फक्त तंतुवाद्यं आणि पियानो. तंतुवाद्यं सगळी एकाच सुरात, तुटक आणि करडी बोलतात, खाली कॉर्डचा आधारही नाही. पियानो उत्तर देतो ते गाण्यासारखं, अतिशय मऊ. पुन्हा करडा सवाल, पुन्हा मऊ जबाब. हळूहळू तंतुवाद्यांची वाक्यं आखूड होत जातात, आवाज खाली येतो, आणि शेवटी बोलणारा एकटा पियानो उरतो.

ऑर्फियस आपल्या गाण्याने पाताळातल्या शक्तींना वश करतो या ग्रीक कथेशी हा भाग जोडायची रीत एकोणिसाव्या शतकात पडली. बीथोवनने स्वतः तसं कुठे लिहून ठेवलेलं नाही. कथा सुंदर आहे, पण ती डोक्यात ठेवूनच ऐकलं पाहिजे असं मला वाटत नाही. कोण कोणाला बोलतंय आणि आवाज कुणाचा उतरतोय एवढं पाहिलं तरी पुरे.

तिसरा भाग लगेच, न थांबता सुरू होतो, आणि इतका वेळ नुसते बसून राहिलेले ट्रम्पेट आणि टिंपनी, म्हणजे नगारे, वाजवणारे इथे पहिल्यांदा हात उचलतात.

कडेन्झा म्हणजे काय?

ऑर्केस्ट्रा थांबतो आणि एकलवादक एकटाच त्याच सुरावटींवर मनसोक्त वाजवतो, ती जागा. मुळात ती आयत्या वेळी रचायची असे. बीथोवनने या कॉन्चेर्टोसाठी पुढे कडेन्झा लिहूनही ठेवल्या, आणि आजचे बहुतेक वादक त्याच वाजवतात. एकोणिसाव्या शतकातली पियानोवादक क्लारा शूमान हिच्या कडेन्झाही आहेत.

त्याचा पियानो आजच्यासारखाच होता का?

नव्हता. त्या काळच्या पियानोची चौकट लाकडी, तारा बारीक, हातोड्यांवर चामडं. आवाज आजच्या ग्रँड पियानोपेक्षा लहान, पण नेमका. प्रत्येक स्वर पटकन उमटतो आणि पटकन विझतो. म्हणजे आज आपण ऐकतो ती भारदस्त गाज त्या रात्री नव्हती, ऑर्केस्ट्राला आवाज आवरून घ्यावा लागत असणार.

दुसऱ्या भागात बीथोवनने ‘एकाच तारेवर’ अशी सूचना लिहिली आहे. त्याच्या काळच्या पियानोत पेडल दाबलं की हातोडा तीनऐवजी खरोखर एकाच तारेवर पडायचा आणि आवाजाचा रंगच बदलायचा. आजच्या पियानोत तारा तीनवरून दोनवर येतात, एकीवर नाही. त्यामुळे तो रंग हुबेहूब ऐकायचा तर जुन्या पद्धतीच्या फोर्टेपियानोवरचं ध्वनिमुद्रण शोधावं लागतं.

त्या रात्री खरंच एवढी थंडी होती?

होती, आणि नाट्यगृह तापवलेलं नव्हतं. हे आपल्याला कळतं ते योहान फ्रीडरिश रायशार्ट या संगीतकार-लेखकाच्या पत्रांतून. तो तेव्हा व्हिएन्नात पाहुणा होता आणि बीथोवनचा आश्रयदाता प्रिन्स लोबकोवित्स याने त्याला नाट्यगृहातल्या आपल्या बॉक्समध्ये, म्हणजे खासगी कक्षात, बसायला बोलावलं होतं. साडेसहापासून साडेदहापर्यंत कडाक्याच्या थंडीत बसलो, असं तो लिहितो. फर आणि कोट गुंडाळूनही बॉक्समधली मंडळी कुडकुडत होती. चांगली गोष्टही प्रमाणाबाहेर झाली तर काय होतं, आणि त्यातून ती इतकी जोरकस असली तर, याचा आपल्याला अनुभव आला, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं आहे.

पुण्यात सवाई गंधर्वच्या मंडपात डिसेंबरात शाली लपेटून बसणाऱ्यांना चार तासांचं काय कौतुक वाटणार! पण तिथे आपण ओळखीचे राग ऐकायला जातो. इथे बहुतेक सगळं नवं होतं, कुणी पूर्वी न ऐकलेलं, आणि तेही पुरेशा तालमीविना. पास्टोरल एकटीच बर्लिनमधल्या दरबारी मैफलीपेक्षा लांब होती, हा रायशार्टचा शेरा त्या दृष्टीने वाचावा. पाचवीला त्याने ‘फार लांब’ म्हटलं आहे! शेजारच्या एका उमरावाने त्याला सांगितलं की नुसत्या चेलोवाल्याच्या प्रतीचीच ३४ पानं भरली आहेत.

रायशार्टला कॉन्चेर्टो तरी आवडला का?

फार. भयंकर अवघड रचना, आणि बीथोवनने ती थक्क करणाऱ्या कौशल्याने, अत्यंत जलद लयीत वाजवली, असं तो लिहितो. संथ भागात तर वाद्यावर अक्षरशः गायला, खोल उदासीनतेने. थंडीने गारठलेल्या, कंटाळलेल्या माणसाने लिहिलेलं हे आहे हे लक्षात घ्या.

ऑर्केस्ट्राशी बीथोवनचं भांडण झालं होतं म्हणे?

झालं होतं. नोव्हेंबरातल्या एका धर्मादाय मैफलीच्या वेळी त्याच्या वागण्याने वादक इतके दुखावले की याच्या हाताखाली वाजवणार नाही म्हणून अडून बसले. शेवटी तडजोड झाली ती अशी की तालमीच्या वेळी बीथोवनने बाजूच्या खोलीत बसायचं आणि सूचना मधल्या माणसाकरवी द्यायच्या. आपली रचना भिंतीपलीकडून ऐकायची.

भरीस भर म्हणून त्याच रात्री बुर्गथिएटरमध्ये संगीतकारांच्या विधवा आणि अनाथ मुलांसाठीची वार्षिक धर्मादाय मैफल होती. चांगले वादक तिकडे गेले. उरलेल्यांत सराईत आणि हौशी अशी मिसळ. सगळ्या रचनांची एक तालीमसुद्धा सलग झाली नाही, असं रायशार्ट सांगतो. बीथोवनने नंतर प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात या सगळ्याचं खापर विधवा निधीवाल्यांवर, आणि विशेषतः दरबारचा संगीतप्रमुख सालिएरी याच्यावर फोडलं. बीथोवनकडे जो वाजवेल त्याला काढून टाकीन अशी धमकी सालिएरीने दिली होती, हा आरोप. आरोप एका बाजूचा आहे, हे धरून चालावं.

गायिका ऐन वेळी बदलली का?

आना मिल्डर गाणार होती, ‘फिडेलिओ’ची नायिका लिओनोरा पहिल्यांदा साकारणारी. तिचं बीथोवनशी बिनसलं. तिच्या जागी आली योझेफिने किलित्श्की, वयाने लहान, आवाज गोड, पण अनुभव कमी. ती गाण्यापेक्षा थरथरलीच जास्त. रायशार्टने मोठ्या मनाने त्याचा दोष थंडीला दिला आहे.

कोरल फँटसी मध्येच बंद पडली, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि स्वतः बीथोवननेच तसं लिहिलं आहे.

ही रचना डिसेंबरात घाईघाईने झाली. मंचावर गायक आहेत, ऑर्केस्ट्रा आहे, पियानो आहे, तर सगळ्यांना घेऊन शेवट करावा, ही कल्पना. गायकांच्या हातातल्या प्रतींवरची शाई पुरती वाळलीही नव्हती, असं सांगतात. सुरुवातीचा मोठा पियानोचा भाग तर कागदावर नव्हताच, तो बीथोवनने मंचावर बसून रचला. आज छापील प्रतीत जी सुरुवात दिसते ती त्याने १८०९ मध्ये लिहून काढली.

मग ऑर्केस्ट्रा येतो, एक साधी सुरावट मांडली जाते आणि वाद्यं एकेक करून तिची रूपं वाजवतात. इथे कुठेतरी घात झाला. कसा, याबद्दल साक्षी जुळत नाहीत. थिएटरचा संगीत दिग्दर्शक इग्नात्स फॉन झाइफ्रीड सांगतो की एक पुनरावृत्ती गाळायचं तालमीत ठरलं होतं. बीथोवन ते विसरला, त्याने पुनरावृत्ती वाजवली आणि ऑर्केस्ट्रा पुढे निघून गेला. दुसऱ्या आठवणींत दोष क्लॅरिनेटवाल्याच्या चुकलेल्या मोजणीवर जातो. बीथोवन ७ जानेवारी १८०९ च्या पत्रात अर्थातच वादकांना बेफिकीर ठरवतो. यावर सगळ्यांचं एकमत आहे ते मात्र असं, की त्याने वाजवणं थांबवलं, ‘थांबा, पुन्हा!’ असं मोठ्याने ओरडला आणि भर सभेत रचना परत सुरू करायला लावली.

वादकांना तो अपमान वाटला. वाटणारच. जाणकार लोकांसमोर, पोट भरतं त्याच मंचावर, चूक तुमचीच असं जाहीर झाल्यावर कुणाला बरं वाटेल? झाइफ्रीडच्या म्हणण्याप्रमाणे बीथोवनला नंतर ते उमगलं आणि त्याने कबुलीही दिली. मला झाइफ्रीडची हकिकत जास्त पटते. स्वतःच रचलेलं, स्वतःच वाजवत असलेला माणूस तालमीतला एक बारीक बदल विसरेल, हे अगदी शक्य आहे. त्यातून त्या तालमींत तो खोलीबाहेर बसवलेला!

या रचनेतली मुख्य सुरावट ऐकून नवव्या सिंफनीच्या शेवटाची आठवण होते, असं बरेच जण म्हणतात. बरोबर आहे. ती दोन्ही भावंडंच आहेत, मधे सोळा वर्षांचं अंतर.

मेणबत्त्या उडवल्याची गोष्ट कितपत खरी?

गोष्ट अशी: कॉन्चेर्टो वाजवताना बीथोवन भान हरपून दिग्दर्शन करू लागतो, दोन्ही हात झटक्यात फैलावतो आणि पियानोवरच्या मेणबत्त्या उडवतो. पुन्हा सुरुवात. आता मेणबत्त्या धरून दोन पोरं उभी. त्याच जागी पुन्हा हात फैलावतात आणि एका पोराच्या थोबाडीत बसते. श्रोते हसून बेजार.

ही लुई श्पोर या व्हायोलिनवादकाच्या आत्मचरित्रात येते. पण श्पोर तेव्हा व्हिएन्नात नव्हताच. त्याने ती झाइफ्रीडकडून ऐकली आणि कित्येक वर्षांनी लिहिली. रायशार्ट त्या बॉक्समध्ये, बीथोवनच्या अगदी जवळ बसला होता आणि त्याने असलं काही नोंदवलेलं नाही. असं काही डोळ्यांदेखत घडलं असतं तर त्या माणसाने ते सोडलं नसतं. गोष्ट रंगवून सांगायला छान आहे, पुरावा म्हणून नाही.

नाट्यगृहात लॅटिन धर्मसंगीत चालत असे?

सहसा नाही. म्हणून जाहिरातीत मासऐवजी ‘चर्चच्या शैलीतलं स्तोत्र’ असा शब्द घातला गेला. काम झालं.

मग मैफल फसली म्हणायची का?

सादरीकरण डळमळीत होतं, यात शंका नाही. लाइपझिगच्या संगीत नियतकालिकातही तक्रारच छापून आली. बीथोवनचं म्हणणं, चुका होऊनही लोकांनी सगळं उत्साहाने उचलून धरलं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. चौथ्या कॉन्चेर्टोचं पुढे काय झालं ते मात्र वाईट आहे: तो बरीच वर्षं जवळजवळ अडगळीत पडला. १८३६ मध्ये संगीतकार मेंडेल्सोनने लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात तो वाजवला तेव्हा लोकांना त्याची नव्याने ओळख झाली. पाचव्या सिंफनीचं नशीब लवकर उघडलं, १८१० साली लेखक-समीक्षक ई. टी. ए. हॉफमनने तिच्यावर लिहिलेल्या परीक्षणापासून.

बीथोवनला यातून काय मिळालं?

थेट या मैफलीतून नव्हे, पण त्या हिवाळ्यातल्या घडामोडींतून पगार मिळाला. नेपोलियनचा भाऊ जेरोम, वेस्टफालियाचा राजा, त्याला कासेलला दरबारी संगीतकार म्हणून बोलावत होता. बीथोवन जायला निघाला होता. तेव्हा आर्चड्यूक रुडोल्फ, प्रिन्स लोबकोवित्स आणि प्रिन्स किन्स्की या तिघांनी मिळून, व्हिएन्नात राहण्याच्या अटीवर, वर्षाला ४,००० फ्लोरिन देण्याचा करार १ मार्च १८०९ ला केला. किन्स्कीचे १,८००, रुडोल्फचे १,५००, लोबकोवित्सचे ७००. मेमध्ये फ्रेंच फौजा शहरात शिरल्या, १८११ मध्ये चलनाची किंमत कोसळली, आणि करारातला आकडा कागदावरच मोठा राहिला. चौथा कॉन्चेर्टो रुडोल्फलाच अर्पण केलेला आहे.

हा अख्खा कार्यक्रम आज कुणी करतं का?

अधूनमधून करतात. २०२० मध्ये बीथोवनच्या जन्माला अडीचशे वर्षं झाली तेव्हा काही ऑर्केस्ट्रांनी तो पूर्ण सादर केला, मोठं मध्यंतर आणि तापवलेलं सभागृह देऊन. एरवीच्या मैफलीचा साचा आटोपशीर असतो: आधी दहाएक मिनिटांचं ओव्हर्चर, म्हणजे ऑर्केस्ट्राची छोटी प्रारंभिक रचना, मग कॉन्चेर्टो, मध्यंतर, मग सिंफनी. दोन तासांत मोकळे.

मूव्हमेंट संपल्यावर टाळ्या वाजवायच्या की नाही?

आज नाही, पूर्ण रचना संपल्यावर. बीथोवनच्या काळात मात्र मध्ये टाळ्या पडत, आवडलेली मूव्हमेंट लगेच पुन्हा वाजवून घेत. १८१३ मध्ये त्याच्या सातव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागाचं तेच झालं. तेव्हा चुकून टाळी वाजली तर ओशाळू नका, तुम्ही फक्त जुन्या वळणाचे आहात.

महाराष्ट्रात असं काही प्रत्यक्ष ऐकायचं तर?

मुंबईत, नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात. तिथला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये खुशरू सनटूक आणि कझाखस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी उभा केला. त्याच्या मैफली वर्षभर नसतात, ठरावीक हंगामांत असतात, आणि त्यांत बाहेरून आलेला पियानोवादक कॉन्चेर्टो वाजवतो असा कार्यक्रम बहुधा असतोच. वेळापत्रक आधी पाहून ठेवा. मुंबईला हे वेड नवं नाही: मेहली मेहतांनी १९३५ मध्येच बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता. त्यांचा मुलगा झुबिन १९५४ मध्ये शिकायला गेला तो व्हिएन्नालाच.

तिकीट काढताना एक लक्षात ठेवा. पियानो मंचावर असा ठेवतात की पट्ट्या श्रोत्यांच्या डाव्या हाताला येतात. बोटं पाहायची असतील तर मध्यापासून थोडी डावीकडची खुर्ची घ्या. नुसतं ऐकायचं असेल तर वरची बाल्कनी स्वस्त पडते आणि आवाज तिथे उत्तम एकजीव होतो. पहिल्या रांगेच्या मोहात पडू नका, तिथे पियानोचं पोट आणि व्हायोलिनवाल्यांचे बूट तेवढे दिसतात.

घरबसल्या ऐकायला कोणतं ध्वनिमुद्रण घ्यावं?

चौथ्या कॉन्चेर्टोसाठी एमिल गिलेल्सचं लिओपोल्ड लुडविगबरोबरचं, किंवा विल्हेल्म केम्फचं फर्डिनांड लाइटनरबरोबरचं. केम्फ आपल्याच कडेन्झा वाजवतो. व्लादिमीर अश्केनाझी आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक यांचं एक आहे, दिग्दर्शक आपले झुबिन मेहता. जुन्या पियानोचा आवाज हवा असेल तर रॉबर्ट लेव्हिन आणि जॉन एलियट गार्डिनर. एकच घ्यायचं तर मी गिलेल्स घेईन, त्या पहिल्या पाच बारांसाठी.

ते नाट्यगृह अजून आहे का? आत जाता येतं?

आहे. लिंके वीनझाइले रस्त्यावर, नाशमार्क्ट या मोठ्या बाजाराच्या समोर, कार्ल्सप्लात्झ स्थानकापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. ते आज ऑपेरासाठी वापरतात आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. दर्शनी बाजू नंतरची आहे. जुनं काही पाहायचं तर शेजारच्या गल्लीत वळून ‘पापागेनोचं दार’ शोधा. वर पिसांचा पोशाख घातलेल्या शिकानेडरचा पुतळा आहे. आत जायला प्रयोगाचं तिकीट काढणं उत्तम. हिवाळ्यात गेलात तर कोट बाहेर जमा करावा लागतो. आत आता ऊब असते.